डाव्या कडेची दोन माणसं

सांगलीत परतल्यापासून जो तो मला धबधब्याबद्दल विचारतो. धबधबा पाहिला. छान आहे, पाणी भरपूर आहे. त्यापलीकडे मला त्याच्याबद्दल काही बोलायचं नाही. पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात मी अमेरिकेत सहा आठवडे काढले आणि त्यातल्या एकाच आठवड्याबद्दल लिहावं असं मला वाटतं. बाकीचे पाच आठवडे फोटोंच्या अल्बममध्ये आहेत, ज्याला हौस असेल त्याने घरी येऊन पाहावेत.

मी मुलींच्या शाळेत खेळाची बाई आहे. सव्वीस वर्षं खो-खो शिकवते. माझा धाकटा भाऊ शरद हाडांचा डॉक्टर, ओहायोत राहतो. त्याच्या शहराचं नाव लिहीत नाही, आणि ज्या माणसाची ही हकिकत आहे त्याचं नावही बदलून वेंडल केलंय. रोग्याची नावं चव्हाट्यावर आणायची नसतात, हे शरदने मला विमानतळापर्यंत येऊन बजावलं होतं.

रविवार

पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच फिरायला निघाले. शरदची बायको नीला म्हणाली, "ताई, आज बाहेर कुणी दिसणार नाही हं, गेम आहे." मला वाटलं, नाही दिसलं तर नाही दिसलं, मला कुठे कुणाशी बोलायचंय.

पण इतकं? रुंद रस्ते, ओळीने घरं, प्रत्येक घरापुढे मोटार, धुराड्यातून धूर, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. झाडं पार निष्पर्ण. माझ्याच बुटांचा आवाज मला ऐकू येत होता. मी चार घरं ओलांडून गेले असेन, तोच सगळ्या बंद घरांतून एकदम एक आवाज आला. ओरडणं नव्हे, कण्हणं. उजवीकडून, डावीकडून, पाठीमागून, एकाच वेळी. आणि लगेच पुन्हा चिडीचूप. कुणीतरी मोठा माणूस गेला असणार आणि रेडिओवर बातमी आली असणार, अशी माझी खात्री झाली. मी तडक घरी आले आणि शरदला विचारलं, "कोण गेलं रे?"

"कोणी नाही गं. चेंडू सुटला हातातून," तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "वेंडल नाहीये ना. तो असता तर सुटला नसता."

मग त्याने मला त्यांचा फुटबॉल, म्हणजे तो हाताने खेळायचा, समजावला. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण, अंगात उशा भरल्यासारखे कपडे, डोक्यावर टोप. एकजण मधोमध उभा राहून चेंडू फेकतो. आणि एक माणूस मैदानाच्या अगदी कडेला, सगळ्यांपासून लांब एकटा उभा असतो. खेळ सुरू झाला की तो सुसाट पळत जातो आणि तो लांबून आलेला चेंडू झेलतो. त्याला वाइड रिसीव्हर म्हणतात. शहराच्या संघाचा हा रिसीव्हर, वेंडल, तीन आठवड्यांपूर्वी गुडघा दुखावून बसला होता. तेव्हापासूनचे तिन्ही सामने संघ हरला होता. आता एकच उरला होता, पुढच्या रविवारचा. जिंकला तर संघ पुढच्या फेरीत, नाहीतर मोसम संपला. आणि वेंडलचा गुडघा शरदच्या हातात होता, कारण संघातल्या खेळाडूंची हाडं तोच बघायचा.

"एका झेल घेणाऱ्यावाचून अकरा जण हरतात? काहीतरीच सांगतोस," मी म्हणाले. "फेकणारा काय करतो मग? त्याला वाचवणारे काय करतात? माझी सगळ्यात चांगली पळणारी मुलगी आजारी पडली तरी मी जिल्हा जिंकलेला आहे."

"ताई, तुझा खो-खो वेगळा यार."

खो-खोला कुणी वेगळा म्हटलं की माझं डोकं तडकतं. आमचं जेवणापर्यंत वाजलं.

मंगळवार

माझी खोड मोडायची म्हणून शरद मला संघाच्या मैदानावर घेऊन गेला. एवढं प्रचंड मैदान आणि त्यात कुणी नाही. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा पार वरपर्यंत गेलेल्या. वारा सुटला की त्यातल्या काही आपोआप खालीवर व्हायच्या. आम्ही त्याखालच्या एका खोलीत गेलो. खोलीला खिडकी नव्हती. संघाचा कोच तिथे अंधारात बसून जुन्या सामन्याची फिल्म बघत होता. साठीचा, बारीक, घसा बसलेला माणूस. हस्तांदोलन करताना त्याने मला विचारलं, "तुम्ही कोच आहात असं ऐकलं. कुठला खेळ?" मी सांगितला. त्याला काही कळला नाही, पण त्याने मान आदराने हलवली.

फिल्मला आवाज नव्हता. टीव्हीसारखी नाही, उंचावरून घेतलेली, त्यात सगळं मैदान दिसायचं. कोच हातातलं बटण दाबून ती पुढे न्यायचा आणि मागे आणायचा. मागे आणली की मेल्यासारखे आडवे पडलेले लोक सरळ उभे राहायचे आणि उलटे पळत आपापल्या जागी जाऊन वाकायचे. पुन्हा पुढे, की पुन्हा पडायचे. मला ते बघवेना, पण कोच पाव खात खात पाहत होता.

"इथे बघा," तो म्हणाला. डाव्या कडेला एक माणूस पळत सुटला. तोच वेंडल. त्याच्यामागे विरुद्ध संघाचे दोघं. चेंडू मात्र भलतीकडेच, उजवीकडे गेला आणि तिथे एकट्याच असलेल्या खेळाडूने तो आरामात झेलला. कोचने ती फिल्म मागे घेतली. पुन्हा तेच. दुसरा सामना, तिसरा सामना, दर वेळी त्या माणसामागे दोघं, चेंडू त्याच्याकडे येवो न येवो.

"लोक त्याचे झेल मोजतात," कोच म्हणाला. "मी हे दोघं मोजतो. हे दोघं तिकडे अडकले की उरलेल्या मैदानात आम्ही एकाने जास्त होतो. रविवारी त्याने झेल घेऊच नये. पळूही नये फार. नुसता तिथे उभा राहिला तरी मला पुरे." मग तो शरदकडे वळला. "डॉक, तो खेळू शकतो अशी शुक्रवारपर्यंत तुझी सही हवी."

मला ते बोलणं पटलं, म्हणून राग आला. आमच्याकडेही असते अशी एखादी मुलगी, जी स्वतः बाद होत नाही आणि पाठलाग करणारीला घुमवून घुमवून थकवते. पण तिला नुसतं उभं करून ठेवायचं हे काही माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. शेवटी कोचने वेंडलला दुखापत झाली तो भाग लावला. दोघांच्या मध्ये सापडून तो जोरात आपटला, गुडघा धरून उठला, आणि लंगडत निघाला तो थेट विरुद्ध संघाच्या बाकाकडे. तिथल्या लोकांनी हसून त्याला परत पाठवलं. कोचही हसला. मी नाही हसले.

गुरुवार

दवाखान्याबाहेर वार्ताहर बसलेले असतात म्हणून वेंडल संध्याकाळी घरीच गुडघा दाखवायला आला. दार मी उघडलं. दारात मावणार नाही एवढा माणूस, आणि आवाज मात्र लहान. त्याच्यामागे त्याची नवी मोटार उभी होती. तिची डावी बाजू पुढच्या दिव्यापासून पार शेवटपर्यंत खरवडून निघाली होती. "कुणीतरी घासून गेलं," तो म्हणाला.

तळघरात शरदने त्याला बसवलं, उठवलं, जिने चढायला लावले. गुडघा उत्तम झाला होता. वर येऊन शरदने जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि खिशातून पेन काढलं. तो कागद सही करून शुक्रवारी द्यायचा होता.

पण जेवायच्या वेळेला घरात आलेल्या माणसाला तसंच जाऊ द्यायची माझी छाती नाही. "कागद बाजूला ठेव, पानं वाढलीयत," मी शरदला दटावलं. बारा वर्षांची भाची मिनी वेंडलला सांगत होती, "She's my Atya. You can't say no to her." त्यानेही मग मला आत्याच म्हणायला सुरुवात केली.

मी आईने शिकवलं तसं पान वाढलं. डाव्या हाताला मीठ, लिंबाची फोड, शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर. उजव्या हाताला बटाट्याची भाजी आणि आमटीची वाटी. मध्ये भात, त्यावर वरण आणि तूप. तो मन लावून जेवत होता. भाजी तीनदा मागितली. बोलता बोलता म्हणाला, "सोळाव्या वर्षापासून माझ्यामागे कायम दोघं असतात. आता तर मैदानाबाहेरही असतात. दुकानात, पार्किंगमध्ये. सवय झालीय." नीला हसली. शरद हसला. प्रसिद्ध माणसाच्या मागे लोक लागायचेच.

मी त्याच्या पानाकडे बघत होते. आधी मला राग आला होता, हे कबूल करते. माझ्या चटणीला बोट लावलं नव्हतं. कोशिंबीर जशीच्या तशी. मग माझं लक्ष भाताकडे गेलं. भाताची मूद दोऱ्याने कापावी तशी मधोमध सरळ कापली होती. उजवी अर्धी खाऊन संपलेली, डावी अर्धी शाबूत, तुपासकट. आणि तो उजवीकडचं रिकामं ताट बोटांनी चाचपून म्हणत होता, "अजून थोडा भात मिळेल का, आत्या?"

"आहे की तुझ्या पानात," मी म्हणाले. मला इंग्रजी कळतं, पण नीट बोलता येत नाही, म्हणून मिनीने त्याला ते इंग्रजीत सांगितलं. त्याने ताटात पाहिलं. "कुठे?" मिनी खुदकन हसली, तिला वाटलं तो गंमत करतोय. त्याच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती.

वाढलेलं ताट फिरवणं मला आवडत नाही. पण काय वाटलं कुणास ठाऊक, मी हात पुढे केला आणि त्याचं ताट अर्धा फेरा फिरवलं, डावीकडचं उजवीकडे. तो दचकून मागे सरला.

"हे कधी वाढलंत?" त्याने विचारलं. आणि भात, चटणी, कोशिंबीर भराभर खाऊ लागला.

शरदचा घास हातातच राहिला. त्याने हळूच विचारलं, "वेंडल, ते दोघं. कुठल्या बाजूला असतात?"

"डावीकडे. नेहमी डावीकडे."

"आत्ता?"

"एक फ्रिजपाशी उभा आहे," वेंडल खाता खाता म्हणाला. "दुसरा त्याच्यामागे. ते काही करत नाहीत, डॉक. नुसते बघतात."

फ्रिज त्याच्या डाव्या हाताला होता. तिथे कुणी नव्हतं. आम्हा चौघांनाही ते दिसत होतं, तरी नीला मिनीला जवळ ओढून माझ्या बाजूला येऊन बसली. मी सव्वीस वर्षं मुलींना भुताखेतांवरून रागावत आले आहे. त्या वेळी मात्र त्या फ्रिजमधून दही काढायला मी उठले नाही.

शुक्रवार आणि शनिवार

शरद त्याला गुरुवारी रात्रीच हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. डोक्याच्या फोटोत सापडलं. आपटला त्या दिवसापासून कवटीच्या आत उजवीकडे रक्त हळूहळू साचत होतं. त्याने मेंदू दाबला जात होता आणि डावीकडचं जग त्याला नाहीसं झालं होतं. मेंदू त्या रिकाम्या जागेत स्वतःच काहीबाही उभं करतो, असं शरदने मला सांगितलं. सगळे तीन आठवडे गुडघा बघत बसले होते, शरदही. "एक धक्का, ताई," तो म्हणाला. "रविवारी नुसता एक धक्का बसला असता तर तो तिथेच गेला असता. आणि मी पेन काढलं होतं." तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडला. मी त्याला लहानपणानंतर पहिल्यांदा रडताना पाहिलं.

डोकं उघडून रक्त काढलं. ऑपरेशन नीट झालं. शरदने कोचला सांगितलं आणि सांगून आल्यावर म्हणाला, "पुढच्या वर्षी ते दुसरा डॉक्टर बघतील." कोचने एकच विनंती केली होती, सामना सुरू होईपर्यंत बाहेर कळू देऊ नका, समोरच्या संघाला तो खेळणार असंच वाटू दे. पण गावाला कुणकुण लागलीच. शनिवारी दिवसभर घरचा फोन वाजत होता. उचलला की कुणी बोलायचं नाही. श्वास ऐकू यायचा, मागे टीव्हीचा आवाज यायचा, आणि फोन बंद. मी एकदा मराठीत चांगली खरडपट्टी काढली. पलीकडचा माणूस ती शांतपणे शेवटपर्यंत ऐकत राहिला, त्याचंच मला जास्त भय वाटलं.

रविवार

सामना आम्ही हॉस्पिटलच्या खोलीत पाहिला. डोक्याला बँडेज बांधलेला वेंडल, शरद आणि मी. वेंडलने उशीवरून मान वळवून खोलीची डावी बाजू पाहिली, मग उजवी, मग पुन्हा डावी. "गेले," एवढंच म्हणाला.

त्याच्या जागी कुणी बदली खेळाडू होता, त्याचं नाव शरदलाही धड ठाऊक नव्हतं. आणि संघ जिंकला. थोडक्यात नाही, चांगला दणदणीत. बाहेरच्या व्हरांड्यात नर्सेस टाळ्या वाजवत होत्या. खिडकीबाहेर मोटारींचे भोंगे सुरू झाले. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. एका माणसाने काही अडत नाही. मी शरदकडे पाहिलं, पण जिंकल्याचा आनंद मला होईना.

वेंडलने तोंड भिंतीकडे केलं होतं. तसाच म्हणाला, "डॉक, तुम्ही माझा जीव वाचवलात, मला कळतं ते. पण ते हरले असते तर बरं झालं असतं." मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "आत्या, तुम्ही कोच आहात. खरं सांगा. मी नसलो तरी चालतं, ना?"

मुलींशी मी कधी खोटं बोलत नाही. तुझ्यामुळे हरलो, असं अंतिम सामन्यानंतर एका रडणाऱ्या पोरीला मी तोंडावर सांगितलेलं आहे. त्या दिवशी मात्र मी मराठीत म्हणाले, "शरद, त्याला सांग. पहिल्या अर्ध्यात दोघं त्याच्याच कडेला उभे होते. तिथे तो नव्हता तरी. म्हणून बाकीच्यांना वाट मोकळी मिळाली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. ती कड त्यात दिसतच नाही, कुणालाच दिसत नाही. हे शरदला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि त्या औषधांच्या गुंगीत नसता तर वेंडललाही आठवलं असतं. शरदने माझं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

"खरंच?" वेंडल म्हणाला.

मी मान हलवली. तो थोड्या वेळाने झोपला.

सांगली

पुढच्या फेरीत तो संघ हरला, असं ऐकलं. वेंडल आता कधीच खेळणार नाही. शरदचं संघाचं काम सुटलं, पण दवाखाना बरा चालला आहे. हे सगळं त्याच्या पत्रातून कळत गेलं. शेवटचं पत्र आलं त्यातला मजकूर इथे उतरवते.

"ताई, वेंडलने कोचकडून त्या सामन्याची फिल्म मागवून घेतली. सगळं मैदान दिसतं ती. बघायला मला बोलावलं. मी कारणं सांगून पाहिली, ऐकेना. आज तुझं बिंग फुटणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो. ताई, पहिल्या अर्ध्यात डाव्या कडेला दोघं उभे आहेत. बदली खेळाडू आत सरकला, कड पूर्ण रिकामी झाली, तरी ते तिथेच, रिकाम्या जागेकडे तोंड करून. कोच म्हणतो, आठवडाभर तीच तालीम केली असेल, अंगवळणी पडलं असेल. असेल तसं. वेंडलने तो भाग किती वेळा मागेपुढे केला मी मोजलं नाही. खूप रडला आणि मग हसला. ऑपरेशननंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. निघताना त्याने विचारलं, तुमच्या बहिणीला टीव्हीवर हे दिसलं कसं? मी त्याला काय सांगू?"

पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला मी दोनदा बसले आणि दोनदा उठले. मला काहीही दिसलं नव्हतं, एवढंच मला माहीत आहे, आणि ते वेंडलला कळवायची माझी तयारी नाही.